वरच्या कड्यातली साखळी

कारंज्याच्या अलीकडच्या एका खेड्यात रूपरावजींनी अठ्ठ्याहत्तर साली छोटा ट्रॅक्टर आणला आणि त्यावर आपल्या सालदाराला, तानबाला, बसवलं. तानबाने पंधरा वर्षं त्यांचे बैल हाकले होते. जो बैल हाकतो तो ट्रॅक्टरही हाकेल, असं रूपरावजींचं सरळ म्हणणं. नागपूरहून आलेल्या माणसाने तीन दिवस शिकवलं आणि जाताना चारदा बजावलं, ओढायची साखळी कायम खालच्या हुकाला बांधायची, नाहीतर ट्रॅक्टर मागे उलटतो. तानबाने चारदा मान हलवली. तो नांगरटही झकास करू लागला, पण ट्रॅक्टर थांबवायचा झाला की आधी बैलांना थांबवावं तसं तोंडाने "हो, हो!" म्हणायचा आणि मग क्लच दाबायचा. लोक हसायचे, तोही हसायचा.

त्र्याऐंशीच्या मे महिन्यात एका दुपारी वावधन सुटलं, घोंघावतं वादळच. तासाभरात वावराच्या वाटेवरची झाडं आडवी झाली आणि बैलगाडीचा रस्ता बंद पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी रूपरावजींनी तानबाला ट्रॅक्टर घेऊन पाठवलं. पुरुष कुऱ्हाडीने फांद्या तोडत होते, तानबा झुडपं साखळीने ओढून बांधाला लावत होता, आणि बाया जळणासाठी काटक्यांचे भारे बांधत होत्या. त्यात तानबाची बायको देवकाबाईही होती. वाटेवर सगळ्यात मोठा पडला होता तो कडुनिंब.

त्या निंबाचा बुंधा अलीकडच्या बाजूने एका फांदीवर टेकलेला होता. कुण्या शहाण्याने ती फांदीच तोडली. बुंधा अर्धा वळसा लोळला आणि अलीकडचीच दुसरी मांडीएवढी फांदी देवकाबाईच्या पायावर येऊन बसली. पाय चाकोरीत होता, म्हणून तेवढ्यावर निभावलं. पण माती भुसभुशीत होती आणि बुंधा हळूहळू आणखी दबत तिच्या अंगाकडे कलत चालला होता. दहा माणसांनी जोर लावला, बुंधा तसूभर हलला नाही. एक जण बैल आणायला धावला. बैल नाल्यापलीकडच्या वावरात, म्हणजे जाऊन येऊन पाऊण तास.

"पाऊन तास कोन थांबते?" तानबा ओरडला. "मी ओढतो!"

त्याने ट्रॅक्टर पलीकडच्या बाजूला उभा केला आणि बुंध्याला साखळीचा वेढा घातला. बुंधा ट्रॅक्टरकडे लोळला की अलीकडची फांदी आपसूक वर उचलली जाणार होती. डोकं अगदी बरोबर चाललं होतं. घात केला तो हातांनी. बैलांना लाकूड ओढायला लावताना दोर आखूड आणि वरून बांधतात, म्हणजे लाकडाचं तोंड उचललं जातं आणि ते मातीत रुतत नाही. पंधरा वर्षांच्या त्या सवयीने साखळी सीटखालच्या वरच्या कड्यात अडकवली.

ट्रॅक्टरने जोर धरला. बुंधा लोळला, फांदी वीतभर उचलली गेली. बाया देवकाबाईला ओढायला वाकल्या आणि तेवढ्यात ट्रॅक्टरचं तोंड वर उठलं. पुढची चाकं जमिनीपासून हातभर वर! तानबाने स्टिअरिंग कासऱ्यासारखं छातीशी ओढलं आणि जिवाच्या आकांताने ओरडला, "हो! हो रे राजा!" ट्रॅक्टर कशाला ऐकतो? सीट मागे कलंडायला लागली तेव्हा कुठे पायाला आठवण आली. त्याने क्लच दाबला. चाकं आदळली, साखळी सैल पडली, आणि उचललेली फांदी धाडकन होती तिथेच परत बसली. देवकाबाई किंचाळली.

रूपरावजी धावत आले. "बंद कर ते! मारतं का तिले? बैल येऊ दे!"

आपलं काय चुकलं ते तानबाला आता लख्ख दिसत होतं, आणि दिसूनही त्याच्याने सीटवरून हलवत नव्हतं. देवकाबाईचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने कशीबशी मान वळवली.

"अवो," ती म्हणाली, "तुमीच ओढा. पन आता लवकर."

तानबा उतरला. साखळी काढून खालच्या हुकाला अडकवली, दोनदा हिसडून पाहिली. पहिला गिअर टाकला आणि मागे मान वळवून, श्वास रोखून क्लच बोटबोट सोडला. पुढची चाकं थरथरली, पण जमिनीवरच राहिली. फांदी उचलली गेली. लोकांनी खाली ओंडका सारला, बायांनी देवकाबाईला ओढून काढलं. बैल आले ते सगळं आटोपल्यावर.

पाय मोडला होता. आर्वीला प्लास्टर घातलं, तरी ती लंगडी झाली ती झालीच. गावात मात्र तानबाचं नाव झालं. लग्नात, पारावर, जिथे तिथे लोक त्याची गोष्ट रंगवून सांगत, आणि तो मान खाली घालून तिथून उठून जाई. लोकांना वाटे, केवढा साधा माणूस.

पाच वर्षांनी, तुरीच्या हंगामात, अंगणात दोघंच असताना त्याला राहवलं नाही.

"देवके, तुहा पाय झाडानं नाई मोडला. मीनं मोडला. पयल्यांदा साखळी वर बांधली न मीनं."

तुरी पाखडणारं देवकाबाईचं सूप चालूच होतं. "मालूम आहे मले. दुसऱ्यांदा फांदी बसली तवाच कडाडलं. हाड माहं, मले नाई समजन का?"

"मंग बोलली काऊन नाई?"

आता तिने सूप खाली ठेवलं. "तवा बोलली असती, तर तुमी पुन्हा ओढलं असतं का? आन् तुमी ओढलं नसतं, तर मी आज इथं बसली असती का?"

मधल्या पाच वर्षांबद्दल तिने काही सांगितलं नाही. तानबानेही विचारलं नाही. त्याने खांद्यावरचा दुपट्टा तोंडाला लावला आणि लेकरासारखा रडला.