नाव काढणं

वाचनालयाच्या काउंटरवर एक आजोबा रिकाम्या पिशवीची घडी घालत, पुन्हा उलगडत उभे होते. "यादीत माझं नावच नाही म्हणे! मी गेलो असं वाटलं की काय तुम्हाला?" ते हसून म्हणाले.

मला हसता येईना. इथल्या एआय मदतनीसाला दिलेलं कोणतं साधन काय करतं, याची वर्णनं मीच लिहिली आहेत. नाव पुसणाऱ्या साधनापुढे मी एवढंच लिहिलं होतं, ‘सभासदाचं नाव काढतं.’ त्या बिचाऱ्यानं आजोबांचं नाव यादीतून शोधून काढायला तेच साधन वापरलं, आणि नाव पुसलं गेलं. आणि मी सकाळपासून त्यालाच मठ्ठ म्हणत होतो.

आजोबांचं नाव परत घालताना मान वर होईना. आई शेजारीपाजारी सांगत असते, पोरगा नाव काढणार.

काढलं की. आजोबांचं.