कडक गोळी

खाडीवर रघू जाळ्याला शिशाच्या गोळ्या दातांनी दाबून बसवत होता. शिसे निमूट चपटे होत होते. रानडुकरावरच्या बंदुकीच्या गोळीसाठीही असेच मऊ शिसे लागते, आत शिरून पसरणारे. गावच्या शिकारीसाठी मी गोळ्या ओतल्या, तेव्हाही मला हे ठाऊक होते. पण गोळ्या चकचकीत दिसाव्यात म्हणून मी त्यात छापखान्यातले अक्षरांचे जुने, कडक धातूचे खिळे वितळवले. कडक गोळी आरपार गेली आणि पिसाळलेल्या डुकराने रान उठवणाऱ्या एका हाकाऱ्याचा पाय फाडला. गावाने बंदूकवाल्याला, रघूच्या वडिलांना, दोष दिला. मी गप्प राहिलो. त्यांनी बंदूक पुन्हा उचलली नाही.

आज रघूला सगळे सांगितले. दोनदा सांगितले. तो समजूत काढल्यासारखा हसला.

"सोडा हो काका! बाबांचा नेम कच्चाच. आई शेवटपर्यंत चिडवायची त्यांना."