थंड अंगानं जोर लावायचा न्हाय!

आमच्या चुलत सासूबाईंएवढी सांध्यांची काळजी वाहणारं माणूस अख्ख्या बारामती तालुक्यात झालं नसेल. स्वतःच्या तर सोडाच, साऱ्या पणदरे गावाच्या सांध्यांची काळजी त्यांना! त्यांचे यजमान तरुणपणी जेवणावरून उठून थेट कबड्डीच्या मैदानात उतरले आणि मांडी धरून खाली बसले, तेव्हापासून हे सुरू झालं म्हणे. धार काढण्याआधी त्या मनगटं फिरवायच्या, एसटीत चढण्याआधी घोटे. कंडक्टर खेकसला, तर त्यालाच सांगायच्या, "दिसभर एकाच हातानं घंटीची दोरी वढतूस, खांदा फिरवीत जा बाबा!" फिरायला निघालेल्या म्हाताऱ्यांना वाटेत गाठून, झिजलेल्या चपला बदलायला माघारी धाडायच्या. निवृत्त हेडमास्तरही निमूट परत जायचे.

एकोणीसशे नव्वदनंतरच्या एका जत्रेत सासवा विरुद्ध सुना अशी रस्सीखेच ठरली. सासवांच्या पुढारी अर्थातच आत्याबाई. या चुलत सासूबाईंना आम्ही सगळ्या सुना आत्याबाईच म्हणायचो. सुनांत सर्वांत पुढे मी, त्यांच्या अगदी समोर. आधी त्यांनी सासवांना देवळाभोवती पळवलं, वाकवलं, हात-पाय ताणायला लावले. माणसं शिट्ट्या मारून हसत होती. मग रेघ ओलांडून त्या आमच्याकडेच आल्या! "तुमी बी करा गं. थंड अंगानं जोर लावायचा न्हाय. उद्या कंबर धरून बसलासा, तर भाकरी कोण थापील?"

शिट्टी झाली आणि आम्ही जीव खाऊन दोर ओढला. सासवा तसूभर हलेनात! उलट आमच्याच टाचा मातीत घसरायला लागल्या. धुरळा, आरडाओरडा, हलगीचा कडकडाट! मधला रुमाल त्यांच्या रेघेला टेकणार, एवढ्यात आत्याबाईंनी ओठ घट्ट मिटलेले मला दिसले. डावा गुडघा लटपटत होता. दुखलं की थांबायचं, हे गावभर सांगणारी बाई आता काय करते? डोळ्यांत तर नुसती जिंकायची आग होती.

"थांबा!" त्या ओरडल्या. "एकदम सोडू नगा गं, सुना पडत्याल! हळूहळू ढिला करा!"

दोर सैलावला, रुमाल आमच्याकडे आला. सुना नाचायला लागल्या. मी रसवंतीवरून बर्फ आणला, टॉवेलात गुंडाळून त्यांच्या गुडघ्यावर धरला.

"जिंकत हुतो न्हवं गं आमी?"

"जिंकलाच होता, आत्याबाई."

त्यांनी टॉवेल माझ्याकडून घेऊन स्वतःच गुडघ्यावर दाबला. मग हळूच म्हणाल्या, "थांबा, थांबा म्हून सगळ्यास्नी सांगत आले. सोपं न्हाय गं ते."