पानावर बसलेली अक्का

मी तेव्हा कोल्हापुरात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मानसशास्त्राच्या तासाला सर मतिमंदत्वाविषयी शिकवत आणि मी मान खाली घालून लिहून घेई. माझी थोरली बहीण तशीच आहे, हे वर्गात कुणाला ठाऊक नव्हतं. अक्का सव्वीस वर्षांची होती. साडी सांभाळता येत नाही म्हणून परकर-पोलकं घालायची. विचारलं तर स्वतःचं नावही सांगायची नाही. कागलजवळच्या आमच्या गावात कुणी म्हणे मागच्या जन्मीचं पाप, कुणी म्हणे करणी. सर म्हणत, मेंदूची वाढ खुंटते. आई म्हणे, "भोळी हाय. आई अंबाबाई करंल एक दिवस शहाणी." इतक्या वर्षांत तसं काही झालं नव्हतं, आणि माझी श्रद्धा पातळ होत चालली होती.

आई दर नवरात्रात अंबाबाईची ओटी भरायला यायची. त्या वर्षी अक्कालाही घेऊन आली. मीही होस्टेलवरून देवळात गेले. ओटीचं ताट सांभाळताना आईचे दोन्ही हात गुंतलेले होते. मागून गर्दीचा लोंढा आला. आम्ही दोघी पुढे ढकलल्या गेलो आणि वळून पाहिलं तर अक्का नव्हती.

देवळाचं सगळं आवार धुंडाळलं. आई दीपमाळेपाशी खालीच बसली. मी दरवाजाबाहेर पळाले आणि एका नारळवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "अंगावर काय हाय?"

"परकर-पोलकं."

"मग ल्हान पोरगी हाय की."

"न्हाय, मोठी हाय. सव्वीस वर्साची."

त्याने विचारलं, "डोक्यानं कमी हाय व्हय?"

वहीत लिहून घेतलेला शब्द होता, गावाने दिलेला शब्द होता, पण अक्काला शोधायला यातला एकही उपयोगाचा वाटेना. ती रस्त्यावर आली असेल तर काय, तिला कुणी कुठे नेलं तर ती काय सांगणार, हेच मनात घोळत होतं. तिथेच उभी राहून मी कळसाकडे पाहिलं. नवस बोलले नाही, हातही जोडले नसतील. मनात एवढंच आलं, आता माझ्याच्यानं होत नाही, तू बघ.

तेवढ्यात शेजारची गजरेवाली म्हणाली, "अगं, परकरवाली न्हवं? त्या बोळात बघ जा. एक आज्जी कुमारिका म्हणून जेवाय घालाय पोरी गोळा करत हुती."

मी आत जाऊन आईला उठवलं आणि तशाच धावत त्या बोळात गेलो. एका घराच्या सोप्यात लहान पोरी ओळीने पाटावर बसल्या होत्या आणि त्यांच्या शेवटी आमची एवढी मोठी अक्का. एक म्हातारी परातीत तिचे पाय धूत होती आणि गुदगुल्या होऊन अक्का खदखदून हसत होती.

तिची सून तिच्या कानाशी लागली होती. "आत्या, पाठमोरी बघून आणलीसा, पर ही पोर न्हवं. बाईमाणूस हाय."

"लगीन झालंय का तिचं?"

"तसं दिसत न्हाय."

"मग कुमारिकाच की. आणि पानावर बसल्याली उठवायची व्हय गं? खीर आण."

आई दारातच रडू लागली. "आज्जी, माझी लेक हाय ती. शहाणी न्हाय ओ."

"खिरीची वाटी दोनदा पुढं केलीया तिनं. शहाणी न्हाय कशी?" म्हातारी म्हणाली. तिचं माहेर सीमेपलीकडचं, कानडी मुलखातलं. तिकडे त्यांच्या घरी म्हणे असल्या लेकराचं पान आधी वाढत, मग बाकीच्यांची.

जेवणं झाल्यावर म्हातारी एकेका पोरीच्या पाया पडली, तशीच अक्काच्याही. मग आईला म्हणाली, "तू बी पड. आज तुझी लेक न्हाय ती."

आई वाकली. इतकी वर्षं जिच्यासाठी देवीपुढे पदर पसरला, तिच्याच पायांवर तिने डोकं ठेवलं. अक्काला काय कळलं कोण जाणे. आई रोज झोपवताना थोपटते, तशी ती आईची पाठ थोपटू लागली.

हा चमत्कार होता असं मी म्हणणार नाही. म्हातारीला एक पोर कमी पडत होती, एवढंच. अक्का बरी झाली नाही, आजही तशीच आहे. पण मी "तू बघ" म्हटलं होतं, अक्काला शोधून दे म्हणून. देवीने तिला शोधून तर दिलंच, वर तिच्याकडे बघायचं कसं तेही दाखवलं. स्वतःला सोपवून देणं म्हणतात ते हेच असावं. आपण मागतो एक, आणि ओंजळ पुढे केल्यावर पडतं ते आपल्याला मागताही आलं नसतं.

पुढच्या नवरात्रात आईने गावात आमच्याच घरी कुमारिका घातल्या आणि पहिल्या पाटावर अक्काला बसवलं. तिच्या शेजारी पोरी बसवायच्या की नाही, यावर गल्लीत कुजबुज झाली. तरी बऱ्याच जणींनी पोरी पाठवल्या. एक घर मात्र अजून पाठवत नाही. आई दर वर्षी त्यांच्या दारात स्वतः जाऊन बोलावणं करून येते, आणि परतल्यावर अक्काचे पाय धुवायला बसते.