गुंडीएवढं फूल आणि मागची भिंत

तुमच्या इमारतीच्या मागच्या बाजूला काय उगवतं, सांगा बरं? अडखळलात ना? मग चिमटाबाईंना हसायचा हक्क तुम्हाला नाही. निदान ही गोष्ट संपेपर्यंत तरी नाही.

चिमटाबाई म्हणजे तळमजल्यावरच्या शिंपीणबाई. केसांत सदा कपडे वाळत घालायचे दोन-चार चिमटे खोचलेले, आणि जिभेवर त्याहून जास्त. त्यांच्या शिलाई मशीनसमोरची खिडकी उघडते ती इमारतीच्या मागच्या पट्ट्यावर. तिथे पाण्याची टाकी, गंजका पाइप, पोपडे सुटलेली भिंत आणि मधे गुडघाभर गवत. त्या गवतात फुलं येतात. शर्टाच्या गुंडीएवढी. निळी, पिवळी, काही तर टाचणीच्या डोक्याएवढी. काजं करून करून डोळे शिणले की बाई तिकडे बघत बसायच्या. डोळे निवले की पुन्हा मशीन सुरू.

इमारतीच्या सेक्रेटरींना मात्र तिथे गाड्या दिसायला लागल्या होत्या. गवत काढायचं, फरशी घालायची, पार्किंग करायचं. म्हणजे बाईंच्या खिडकीला थेट धुराडंच लागणार.

बाई जिन्यातच त्यांना आडव्या गेल्या. "अहो साहेब, फुलं आहेत तिथे."

"फुलं?" सेक्रेटरी चार माणसांदेखत हसले. "तण आणि डास आहेत बाई. नियमाप्रमाणे एक फूल दाखवा, ठराव मागे घेतो." या गृहस्थांना शिंकसुद्धा नियमाप्रमाणे यायची.

"दाखवते!" बाई म्हणाल्या. बोलून तर बसल्या.

बाईंनी नवऱ्याचा फोन घेतला आणि गवतात वाकून फोटो काढला. नवऱ्याने तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, उलटा धरला. "फूल कुठाय यात? हा ठिपका? अगं, स्क्रीनवर काहीतरी उडालंय, पूस आधी."

बाई तडक कोपऱ्यावरच्या स्टुडिओत गेल्या. तिथले फोटोमामा ओळखपत्राचे फोटो काढतात. त्यांच्या फोटोत साधासुधा माणूसही नुकताच पकडून आणल्यासारखा दिसतो. पण मामांकडे एक जुना कॅमेरा होता आणि जवळून फोटो काढायची लेन्स. त्यांच्या स्टुडिओतल्या निळ्या पडद्याच्या चिंध्या झाल्या होत्या. बाईंनी नवा पडदा शिवून द्यायचा आणि मामांनी कॅमेरा द्यायचा, शिकवायचं, असं ठरलं.

मामांनी शिकवायला सुरुवात केली आणि पहिल्याच धड्याला बाईंनी चिमटा काढला. "मामा, सोप्या भाषेत सांगा. मी गिऱ्हाइकाला कधी कापडाचं शास्त्र सांगते का?"

"बरं ताई, तुमच्या भाषेत सांगतो. लेन्सच्या आत एक भोक असतं. ते मोठं ठेवलं तर उजेड भरपूर येतो, पण फोटो स्पष्ट येतो तो एवढ्याशाच पट्टीत. त्या पट्टीच्या पुढे धूसर, मागेही धूसर. म्हणजे कापडाच्या रुंदीला तुम्ही म्हणता तो पन्हा अरुंद. भोक बारीक केलं की पन्हा वाढतो. आणि फुलाच्या जेवढं जवळ जाल, तेवढा पन्हा आटतो."

कापडाचा पन्हा म्हटल्यावर बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हातात मात्र पडायला वेळ लागला. पोटावर झोपून फोटो काढला तर पुढची पाकळी स्पष्ट आणि फुलाचा मधला भाग पिठात बुडवल्यासारखा. श्वास सोडला की पन्हा सरकून मागच्या काडीवर जायचा. मग बाई सुईत दोरा ओवताना धरतात तसा श्वास धरू लागल्या. वाऱ्याने फूल डुलायला लागलं की केसांतला चिमटा काढून देठ जमिनीत रोवलेल्या विणायच्या सुईला हलकेच अडकवायच्या. "डुल आता," असं फुलाला दटावायच्यासुद्धा. वरच्या गॅलरीतून लोक बघायचे. शिंपीणबाई गवतात पालथ्या पडून कुणाशी तरी भांडतायत, अशी बातमी सगळीकडे झाली.

पण एक दिवस जमलं. निळं फूल असं टवटवीत उमटलं की त्यावरचे परागकण मोजून घ्यावेत. मागचं सगळं वितळून हिरवं लोणी झालं होतं. पाइप गायब, टाकी गायब, पोपडे गायब. बाईंना त्या लोण्याची चटकच लागली. भोक सताड उघडायचं, मागचं सगळं पुसून टाकायचं आणि फूल एकटं राणीसारखं. मामांकडून मोठे प्रिंट काढून घेऊन बाई ऐटीत सेक्रेटरींच्या दारात उभ्या राहिल्या.

सेक्रेटरींनी चष्मा लावला. "वा! सुंदर! कुठल्या बागेतले?"

"आपल्या मागचे."

"कशावरून? भिंत कुठाय? टाकी कुठाय? नियमाप्रमाणे ही फुलं कुठलीही असू शकतात."

बाईंच्या जिभेवरचे सगळे चिमटे एकदम गळून पडले. माणूस खोटं बोलत होता, पण मुद्दा खरा होता. पुरावा म्हणून काढलेल्या फोटोतून पुरावा बाईंनी स्वतःच्याच हाताने पुसला होता!

स्टुडिओत हे ऐकून मामा पोट धरधरून हसले. हसू संपल्यावर म्हणाले, "ताई, आता मागे सरका. भोक बारीक करा. फूल लहान दिसेल, दिसू दे. पण उजेड कमी येणार, तेव्हा कॅमेरा बराच वेळ डोळा उघडा ठेवणार. हाताने धरलात तर सगळंच हलेल. कॅमेरा कशावर तरी टेकवा आणि टायमर लावा."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता वारा पडलेला असताना बाई गवतात उतरल्या. शिवणाच्या चिंध्या भरलेली उशी खाली ठेवली, तिच्यात कॅमेरा घट्ट बसवला. समोर पिवळं फूल, मागे भिंत आणि पाइप. टायमर दाबला आणि बाई पदराचा आडोसा धरून फुलाशेजारी आडव्या झाल्या, श्वास रोखून, नजर फुलावर. कॅमेरा पीक-पीक करू लागला. तेवढ्यात मागे सपाता वाजल्या आणि एकदम थांबल्या. असेल कुणीतरी, बाईंनी मान वळवली नाही. या वेळी फूल हललं असतं तर त्यांनी त्याला चोपलंच असतं.

स्टुडिओत प्रिंट बाहेर आला. फूल स्पष्ट. भिंतीचे पोपडे ओळखू येतात. पाइप ओळखू येतो. आणि पाइपाशेजारी, किंचित धूसर पण टकलासकट ओळखू येण्याइतके, साक्षात सेक्रेटरी! पायजम्यावर, ओणवे, हातात निळं फूल. पीक-पीक कुठून येतंय म्हणून जागीच गोठलेले. हलले असते तर धुरासारखे विरून गेले असते. बिचारे घाबरून थांबले आणि पक्के उमटले.

बैठकीला सगळी इमारत जमली. सेक्रेटरींनी घसा साफ केला. "पट्ट्यावर एकही फूल नसल्यामुळे नियमाप्रमाणे..."

"थांबा साहेब." बाईंनी तो फोटो त्यांच्यापुढे पालथा ठेवला. "तुम्हीच बघा आधी. इतरांना दाखवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा."

सेक्रेटरींनी एक कोपरा उचलून पाहिलं. पुन्हा खाली ठेवला. पाणी मागितलं. पण शेजारी सेक्रेटरीणबाई बसल्या होत्या. नवऱ्याने पाणी मागितलं की काहीतरी लपवलंय, हे त्यांना लग्नापासून ठाऊक. त्यांनी फोटो ओढला.

"अहो! रोज माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवता ते फूल... दुकानातून आणतो म्हणालात ना?"

सेक्रेटरी म्हणाले, "नियमाप्रमाणे..." आणि त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच पुढचा नियम सापडेना.

"गाड्या कुठे लावायच्या त्या लावा," सेक्रेटरीणबाई म्हणाल्या, "पण उद्या माझं फूल कुठून येणार, ते आधी सांगा."

हशा इतका झाला की ठराव मागे घेतल्याचं कुणाला ऐकूच आलं नाही. बाईंनी ते दोनदा म्हणून घेतलं, मोठ्याने. आता तो फोटो बाईंच्या मशीनवर टाचणीने लावलेला आहे. सकाळी सेक्रेटरी अजूनही पट्ट्यावर येतात, आता उघडपणे, आणि खिडकीकडे बघून मान लववतात.

तुमच्याही मागच्या बाजूला कुणीतरी "तिथे काहीच नाही" म्हणून फरशी घालायला टपलेलं असेल. उद्या सकाळी खाली उतरा. लाज सोडा, गवतात पालथे पडा, फोटो काढा. फक्त माझं एवढं ऐका: फूल कितीही देखणं असलं तरी एक पाऊल मागे सरका आणि मागची भिंत पुसू नका.