विचारून चाललेली वाट

हॅझलकोममध्ये हेस्टर लव्हेजच्या सभ्यपणाची सगळे चेष्टा करायचे. चर्चमधल्या ज्या बाकावर ती पन्नास वर्षं बसत आली, तिथंही शेजारणीला "बसू का?" विचारूनच बसायची. हेस्टर शिंकायच्या आधीसुद्धा परवानगी काढते, असं पबातली मंडळी म्हणायची आणि वर पुन्हा तिच्याच समोर म्हणायची. हा सभ्यपणा एक दिवस साऱ्या गावाच्या मुळावर येईल, असं मात्र कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

तिचं आयुष्य तसं चार ओळींत आटपण्यासारखं. एकतीस वर्षं तालुक्याच्या गावी गुरांच्या डॉक्टरकडे फोन घेतले, आईला शेवटपर्यंत सांभाळलं, लग्न केलं नाही. पण मे ते सप्टेंबर, दर रविवारी दुपारी दोनला ती चर्चच्या आवारातल्या जुन्या यू वृक्षाखाली काठी घेऊन उभी राहायची आणि येईल त्याला मठाच्या वाटेनं घेऊन जायची. कधी वीस माणसं यायची, कधी दोन आणि एक कुत्रा. तिला काही फरक पडत नसे.

वाट सव्वा मैलाची. चर्चमागून उतरायचं, लोकरीची ओझी वाहणाऱ्या तट्टांसाठी बांधलेला अरुंद दगडी पूल ओलांडायचा, केंबलच्या शेतघराला वळसा घालायचा, हेझलच्या झाडीतून वर चढायचं आणि कुरणात एकट्या उभ्या असलेल्या पडक्या प्रार्थनाघराशी थांबायचं. त्याचं छप्पर कधीच गेलं. एक खिडकी तेवढी उरली आहे आणि तिच्या चौकटीत आभाळ. सनावळ्या हेस्टरला पाठ होत्या, पण ती त्या सांगायची नाही. झाडीत शिरताना आवाज खाली आणून म्हणायची, "जरा हळू हं. पुढची मंडळी आत्ताच गेलीत." पुढची मंडळी म्हणजे सहाशे वर्षांपूर्वीचे मठातले भिक्षू. हसायला आलेली माणसंही मग हळू चालू लागायची. झाडीखाली ब्लूबेलच्या फुलांचा निळा धूर पसरलेला असायचा, ऊन पानांतून गळत असायचं आणि पुढच्या वळणावर खरंच कुणाचा तरी झगा दिसेनासा झाला असं वाटायचं. मीही त्या वळणावर थबकलो आहे, आणि मी काही असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतला नाही.

आता केंबलबद्दल. अँब्रोज केंबल हा त्या शेताचा मालक, एकटा राहणारा, कमी बोलणारा, उंच माणूस. दरवर्षी एक मेला, पहिल्या फेरीच्या आधी, हेस्टर त्याच्या दाराशी जायची आणि विचारायची, "मिस्टर केंबल, यंदा तुमच्या शेतातून माणसं नेऊ का?" तो काहीतरी उत्तर द्यायचा. ती हसायची. मग दोघं दारातच उभं राहून हवेबद्दल आणि एखाद्या लंगड्या गाईबद्दल दहा मिनिटं बोलायची आणि ती परत यायची. बस, इतकंच. त्या दिवशी ती निळा ब्लाउज घालायची, हे गावात कुणाच्या लक्षात आलं नाही. गावाला वाटायचं, हेस्टरच ती, विचारणारच.

एका वर्षी धो धो पाऊस लागला. अँब्रोज म्हणाला, "आत तरी या."

"नको, बुटांना चिखल आहे."

"माझ्याच शेतातला आहे ना? मग घरचाच झाला."

ती हसली आणि भिजत घरी गेली. आपण आत का गेलो नाही, हे तिनं स्वतःला पुढं किती वेळा विचारलं असेल, ते तिचं तिलाच ठाऊक. त्या वर्षानंतर पाऊसच पडला नाही एक मेला.

अशी बत्तीस वर्षं गेली आणि एका जानेवारीत अँब्रोज वारला. पुतण्यानं शेत विकलं. नवा मालक फेअर्ली हा लंडनहून आलेला, माणूस वाईट नव्हता, पण आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरून दर रविवारी वीस अनोळखी माणसं कुजबुजत जातात, हे काही त्याला झेपेना. त्यानं पुलापलीकडं फाटक बसवलं आणि कुलूप घातलं.

गाव खवळलं. पोस्ट चालवणारी थेल्मा कॉबोल्ड म्हणजे जिला भांडणाचा वास दोन गावांवरून येतो अशी बाई; तिनं समिती काढली. कायदा तिनं सगळ्यांना घोटून घोटून सांगितला: वीस वर्षं लोक उघडपणे, कुणाला न विचारता चालले असतील, तर वाट सगळ्यांची होते. विचारून चालले असतील, तर ती मालकाची मेहेरबानी, आणि मेहेरबानी काढून घेता येते. अँब्रोज गेल्याच्या पुढच्या जानेवारीत कुलूप लागलं, जूनमध्ये सुनावणी ठरली, सरकारी निरीक्षक बाई गावच्या सभागृहात येणार होत्या. मुख्य साक्षीदार अर्थात हेस्टर.

सुनावणीच्या चार दिवस आधी हेस्टर पोस्टात गेली आणि दार लावून घेऊन म्हणाली, "थेल्मा, मी विचारत होते."

"काय विचारत होतीस?"

"परवानगी. अँब्रोजला. दरवर्षी."

थेल्मा स्टुलावर बसली. "अगं बाई, तू तर आम्हा सगळ्यांनाच बुडवलंस! तुझ्या मागून जो जो चालला तो तुझ्याच परवानगीत बसतो. हे बघ हेस्टर, तू तिथं 'नाही' म्हणायचं. एक शब्द. अँब्रोज काही थडग्यातून उठून यायचा नाही खोटं पाडायला."

"तेच तर," हेस्टर म्हणाली.

थेल्माला त्यातलं काही कळलं नाही. कळावं तरी कसं? तिच्या दृष्टीनं 'नाही' म्हणजे वाट वाचवणारा एक शब्द. हेस्टरच्या दृष्टीनं त्या शब्दानं ते बत्तीस दिवस पुसले जाणार होते, आणि अँब्रोजचं म्हणून तिच्याजवळ दुसरं काहीच नव्हतं. आणि साक्षीत खरं सांगायचं ठरवलं, तर अँब्रोज दारात उभा राहून काय म्हणायचा, तेही सांगावं लागणार. ते ऐकून कदाचित वाट वाचली असती. पण ते उत्तर अर्धं सांगण्यासारखं नव्हतं, आणि पुरं तिनं आजवर स्वतःशीसुद्धा मोठ्यानं म्हटलेलं नव्हतं.

सुनावणीच्या सकाळी ती कुलूपबंद फाटकाशी जाऊन उभी राहिली. ओढ्यावर धुकं होतं, पूल अर्धाच दिसत होता. पलीकडं झाडीत काहीतरी हललं, हरीण असेल. तिला वाटलं, सगळे पुढं निघून गेले, भिक्षू, तट्टं, अँब्रोज, आणि आपण तेवढ्या या बाजूला राहिलो. तिथं किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. चर्चचं घड्याळ दहाचे ठोके देऊ लागलं तेव्हा ती भानावर आली. अंगात निळा ब्लाउज होता.

सभागृहात गाव लोटलं होतं. निरीक्षक नटॉल बाई चष्मा नाकावर घेऊन शांतपणे लिहीत होत्या. फेअर्लीच्या वकिलानं प्रत्येकाला विचारलेला प्रश्न हेस्टरलाही विचारला, "या वाटेनं जाण्यासाठी तुम्ही कधी मालकांची परवानगी मागितली होती का?"

थेल्मा पहिल्या रांगेतून डोळ्यांनी ओरडत होती.

"हो," हेस्टर म्हणाली. "बत्तीस वेळा."

मागच्या बाकावरून कुणीतरी "मेलो!" म्हणालं. वकिलाला आणखी काही नको होतं. तो खाली बसला. पण नटॉल बाईंनी मान वर केली. "आणि मिस्टर केंबल काय म्हणायचे?"

"म्हणायचे, वाट माझी नाही, मिस लव्हेज. माझ्या आजोबांच्याही आधीपासून ती सगळ्यांची आहे. विचारायची काहीच गरज नाही."

सभागृहात कुजबुज उठली. वकील पुन्हा ताडकन उभा राहिला. "हे ते पहिल्याच वर्षी म्हणाले?"

"हो. पहिल्याच वर्षी."

"मग गरज नाही असं सांगितल्यावरही पुढची एकतीस वर्षं तुम्ही विचारायला कशाला जात होतात? काहीतरीच काय! तुम्हाला ती परवानगीच वाटत असणार."

हेस्टरनं टेबलाची कड घट्ट धरली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, पण कान लालभडक झालेले मी पाहिले.

"कारण ते दर वेळी पुढं म्हणायचे," ती म्हणाली, "पुढच्या वर्षी या मात्र विचारायला."

कुणी हसलं नाही. आमच्या गावात कुणी हसलं नाही, ही केवढी गोष्ट आहे, ते बाहेरच्याला नाही कळायचं. थेल्मा पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. वकील, तोही कुणाचा तरी मुलगा असेलच, "आणखी प्रश्न नाहीत," म्हणून बसला.

सप्टेंबरात निकाल आला. वाट सगळ्यांची ठरली, फेअर्लीनं मुकाट्यानं कुलूप काढलं. थेल्मा निकालाची प्रत घेऊन धापा टाकत हेस्टरच्या घरी गेली, टेबलावर पसरली आणि एका परिच्छेदावर बोट ठेवून म्हणाली, "हे तू वाच. मला नाही वाचवत."

नटॉल बाईंनी लिहिलं होतं: 'मिस लव्हेज दरवर्षी मिस्टर केंबल यांच्या दाराशी गेल्या, हे मी मान्य करते. त्या वाटेची परवानगी मागायला गेल्या होत्या, हे मात्र मला मान्य नाही.'