रफूताई आणि चार ठिपके

लाँड्रीच्या मागच्या खोलीत रफूताई कपडे रफू करत. एकदा एक बाई कसर लागलेला लोकरीचा कोट टाकून गेल्या. आठवड्याने न्यायला आल्या, तर भोक कुठे होतं तेच त्यांना सापडेना. खिडकीपाशी नेऊन कोट उलटासुलटा केला आणि मग एकदम विचारलं, "हात थरथरतो का हो तुमचा?"

"का? कोट बिघडला?"

"छे! माझ्या प्रयोगशाळेत असे हात हवेत."

अशा रीतीने अठ्ठेचाळिसाव्या वर्षी रफूताई प्रयोगशाळेत रुजू झाल्या आणि त्या बाई त्यांच्या मॅडम झाल्या. काम सांगायला सोपं होतं. यीस्टला, म्हणजे पाव फुगवणाऱ्या बुरशीला, उपाशी ठेवलं की त्याची पेशी एका पिशवीत चार बीजाणू बनवते. सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक काचेच्या सुईने ते सुटे करायचे आणि प्लेटमधल्या खाद्यावर ओळीत मांडायचे. दोन-तीन दिवसांत प्रत्येकाच्या जागी त्याच्यापासून वाढलेल्या लाखो पेशींचा एक पांढरा ठिपका उगवतो. शिकणाऱ्या मुली दहा पिशव्यांत घामाघूम होत; ताई चहाच्या आधी वीस हातावेगळ्या करत.

"आमची ही दिवसभर बुरशीची वेणीफणी करते," असं त्यांचा नवरा शेजाऱ्यांना सांगे. तो निवृत्त बसचालक होता आणि जिभेला ब्रेक नव्हता.

पहिल्याच वर्षी एका जातीच्या यीस्टने ताईंना रडकुंडीला आणलं. चारांतले दोनच ठिपके उगवत. कितीही जपून मांडा, दोनच. शेवटी त्या मॅडमकडे गेल्या. "माझ्या सुईने मरतायत बहुतेक."

"मेले नाहीत, थांबलेत. बघा." मॅडमनी रिकाम्या दिसणाऱ्या जागेवर भिंग आणलं. तिथे तीन-चार पेशी होत्या, चांगल्या टरारून फुगलेल्या. "पेशीत काइनेज नावाचं प्रथिन असतं. ते दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेटची बारीकशी खूण चिकटवतं. खूण लागली की ती कामाला लागतात. हे काइनेज 'आता एकाचे दोन व्हा' असा हुकूम सोडतं. मूळ पेशीत त्याच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच धड होती. ती चारांतल्या दोघांना मिळाली, दोघांना नाही; ते मूळ पेशीकडून आलेल्या शिदोरीवर एक-दोनदा दुभागले आणि थांबले."

"म्हणजे पुढ्यात खाणं आहे, जीव आहे, फक्त हुकूम नाही?"

"अगदी तसंच."

ताई बराच वेळ भिंगाला डोळा लावून बसल्या. जेवायची सुट्टी संपली तरी डबा उघडायचा राहिला.

अकरा वर्षं गेली. उजव्या डोळ्यापुढे धुकं यायला लागलं. मोतीबिंदू, डॉक्टर म्हणाले. ताईंनी प्रयोगशाळेत अवाक्षर काढलं नाही. त्या सुमारास त्याच जातीच्या प्लेट आल्या, नुसते आकडे घातलेल्या. आत काय बदललंय हे मांडणाऱ्याला सांगायचं नाही, असा नियमच होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी झाकण उघडलं. दोनांच्या जागी चार ठिपके. खालच्या ओळीत चार. सगळीकडे चार. डोळ्यांनी दगा दिला, बीजाणूंऐवजी भलत्याच पेशी उचलल्या, असं वाटून त्यांनी गुपचूप दुसरी प्लेट मांडली. तीन दिवसांनी पुन्हा चार. तेव्हा त्या दोन्ही प्लेट घेऊन मॅडमसमोर उभ्या राहिल्या.

"माझे डोळे गेले मॅडम. उद्यापासून मी येत नाही."

मॅडमनी वहीत आकडा शोधला आणि प्लेट उजेडात धरली. "ताई, तुमचं काही चुकलेलं नाही. दर चार ठिपक्यांतल्या दोघांत यीस्टचं काइनेज नाहीच. त्याऐवजी आम्ही माणसाचं घातलंय."

"कोणाचं?"

"माणसाचं. तुमच्या-माझ्या पेशी ज्याच्या हुकमाने वाढतात ते. दुसरीकडे लोकांनी हे आधी करून पाहिलंय, पण आपल्या हातून आज पहिल्यांदा झालं."

"या एवढ्याशा बुरशीला आपला हुकूम कळतो?"

"आपले आणि यीस्टचे रस्ते वेगळे होऊन शंभर कोटी वर्षं तरी झाली असतील. पण हुकूम अजून कळतो."

ताईंच्या अंगावर सरसरून काटा आला. मॅडमना विचारून त्यांनी माणसाचं काइनेज असलेल्या ठिपक्यातली एक पेशी सुईने उचलली, ताज्या खाद्यावर ठेवली आणि धड डोळ्याने पाहत बसल्या. पाऊण तासाने तिच्या कडेला भिंगातून खसखशीच्या दाण्याएवढं दिसणारं टोक आलं. ते हळूहळू फुगू लागलं.

पुढे डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि ताईंनी आणखी सहा वर्षं काम केलं. पण त्या दिवशी मात्र त्यांची बस चुकली. साडेपाचला नवरा शोधत आला, तेव्हा त्यांनी त्याला दंडाला धरून स्टुलावर बसवलं.

"यात बघ. मोठ्याला चिकटलेलं लहान दिसतंय?"

"दिसतंय." तो वाकून राहिला. ताई थट्टेची वाट पाहत होत्या. ती काही आली नाही. त्याने अगदी हळू आवाजात विचारलं, "मी जोरात श्वास घेतला तर चालेल ना?"